उरलेल्यांचा गण

गेल्या काही वर्षांत ज्या ज्या उजळणी वर्गांना आम्ही हजर राहिलो, तेथे एक प्रसंग थोड्याफार फरकाने घडलेला पाहिला. सकाळच्या सत्रात साहित्यसिद्धान्त असतो. वक्ते बोर्हेसच्या एका निबंधातील चिनी ज्ञानकोशाचा दाखला देतात. त्या कोशातील प्राण्यांची चमत्कारिक विभागणी ऐकून सभागृह हसते. मग मिशेल फुको यांचे नाव येते, कारण त्यांच्या एका विख्यात ग्रंथाचा आरंभ याच यादीने झालेला आहे. सर्व वर्गीकरण मुळात मनमानी असते, ती सत्तेची खेळी असते, असा निष्कर्ष टिपणवहीत उतरवून मंडळी चहाला उठतात. दुपारच्या सत्रात तीच मंडळी ‘साठोत्तरी मराठी साहित्यातील प्रवाह’ या विषयावर बोलू लागतात. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, आदिवासी अशी कप्प्यांची नावे फळ्यावर येतात, प्रत्येकाची पाच-सहा वैशिष्ट्ये लिहिली जातात, आणि सकाळी ऐकलेले कोणालाही आठवत नाही.

आमची तक्रार या विसंगतीपुरती नाही. आमचे म्हणणे असे की, ही दोन्ही सत्रे एकाच आळसातून जन्मतात. सकाळी सर्व वर्गीकरणे सारखीच खोटी ठरवली जातात आणि दुपारी समोर असलेले वर्गीकरण जसेच्या तसे खरे मानले जाते. एखादे वर्गीकरण कशावर उभे आहे, त्याचा पुरावा कोणता, तो पुरावा कशाने ढासळेल, हे प्रश्न दोन्ही वेळी टळतात. हे प्रश्न विचारले म्हणजे काय घडते, याचे एक उत्तम उदाहरण साहित्याच्या बाहेर, पण आपल्या मासळीबाजारात रोज मांडलेले असते. ते म्हणजे काटेरी परांच्या अस्थिमत्स्यांचे वर्गीकरण. मराठीच्या प्राध्यापकांनी माशांत नाक खुपसावे काय, असे ज्यांना वाटेल त्यांना आम्ही शेवटपर्यंत वाचण्याची विनंती करतो.

खरे तर बोर्हेसवर हसणाऱ्यांना माशांपर्यंत पोचायला फार चालावे लागत नाही. तो निबंध ज्या जॉन विल्किन्सविषयी आहे, त्याने 1668 साली जगातील सर्व वस्तूंच्या कोष्टकांवर उभारलेली एक तात्त्विक भाषा प्रसिद्ध केली. तीतील प्राण्यांची कोष्टके तयार करण्यास त्याला फ्रान्सिस विलबी या निसर्गअभ्यासकाचे साहाय्य झाले होते. विलबी 1672 साली वारला. त्याच्या टिपणांवरून जॉन रे याने सिद्ध केलेला मत्स्यविषयक लॅटिन ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने 1686 साली छापला. चित्रांनी नटलेल्या या ग्रंथापायी सोसायटीची तिजोरी इतकी रिकामी झाली की, पुढच्याच वर्षी न्यूटनच्या ‘प्रिन्किपिया’चा छपाईखर्च एडमंड हॅलीला स्वतः सोसावा लागला, आणि त्या हॅलीच्या हाती सोसायटीने पगारापोटी मत्स्यग्रंथाच्या न खपलेल्या प्रती ठेवल्या. बोर्हेसची यादी आम्हीही वर्षानुवर्षे शिकवली. त्या यादीमागे असा खराखुरा, घाम गाळलेला प्रयत्न उभा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची तसदी मात्र आम्हीही पुष्कळ उशिरा घेतली.

आता मूळ विषयाकडे वळू. येथे ‘काटा’ म्हणजे जेवताना घशात अडकणारे हाड नव्हे. माशाचा पर काड्यांनी ताणलेला असतो. त्या काड्या दोन प्रकारच्या. मऊ काडी डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्धांची जुळून झालेली, लहान लहान पेरांची, बहुधा टोकाशी फाटे फुटलेली असते. खरा काटा अखंड, बिनपेरांचा, मधोमध एकटा उभा असतो. पाठीवरच्या परात असे खरे काटे असलेल्या माशांचा आणि त्यांच्या आप्तांचा विस्तार इतका अफाट आहे की, आज जिवंत असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ एक तृतीयांश जाती त्यांत येतात. बांगडा, सुरमई, पापलेट, हलवा, रावस, जिताडा, घोळ, तांबोशी, निवट्या, आणि गोड्या पाण्यातला मरळ हे सगळे त्यांतलेच. बोंबील आणि तारली या समूहाबाहेरचे.

पहिला धडा येथेच मिळतो. शिंगाळ्याचा काटा हातात घुसला म्हणजे कोळी बांधवांच्या तोंडूनही कळवळा फुटतो. पण वर्गीकरणाच्या दृष्टीने शिंगाळा काटेरी पराचा नाही. त्याचा काटा ही मऊ काडीच आहे, घट्ट होऊन टणक झालेली. उलट, आपण जिला लेप म्हणतो त्या चपट्या मासळीच्या परात एकही काटा नसतो, तरी ती काटेरी परवाल्यांच्याच घराण्यातली आहे. तिच्या पूर्वजांजवळ होता तो काटा तिने गमावला. बोचणे हा पुरावा नाही आणि न बोचणे हाही नाही. दिसण्यावरून नाते ठरत नाही, ते कसे घडले यावरून ठरते. आपल्याकडे बोलीभाषेतले संवाद दिसले की कादंबरी ग्रामीण ठरवून मोकळे होणाऱ्यांनी शिंगाळ्याचा काटा एकदा भिंगाखाली पाहावा.

‘काटेरी परांचे’ या अर्थाचे ‘अकँथोप्टेरिजी’ हे नाव माशांच्या एका विभागाला दिले ते पीटर आर्टेडी या स्वीडिश तरुणाने. 1735 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो ॲम्स्टरडॅमच्या कालव्यात बुडून मेला. त्याचे हस्तलिखित त्याचा मित्र लिनिअस याने 1738 साली छापले. याच लिनिअसने 1758 साली स्वतःची मांडणी करताना मात्र मित्राचा काटा बाजूला ठेवला आणि पोटाकडचे पर आहेत की नाहीत, असले तर कोठे आहेत, यावरून माशांचे विभाग पाडले. पुढे क्यूव्हिए यांनी काटा पुन्हा प्रतिष्ठित केला. 1828 ते 1849 या काळात त्यांचा आणि व्हॅलेन्सिएन यांचा मत्स्यग्रंथ 22 खंडांत निघाला. माशाची शरीररचना समजावण्यासाठी क्यूव्हिए यांनी नमुना म्हणून घेतला तो पर्च, म्हणजे युरोपातल्या नद्या-तळ्यांत सर्रास सापडणारा एक काटेरी पराचा मासा.

येथे क्षणभर थांबावे असे आम्ही वाचकांना सुचवतो. नमुना म्हणून कोणता तरी एक मासा घ्यावाच लागतो, आणि पॅरिसच्या विद्वानाने हाताशी असलेला घेतला यात गैर काही नाही. गैर घडले ते हळूहळू. जो नमुना होता तो मानदंड झाला. ‘सर्वसाधारण मासा’ म्हणजे पर्चसारखा मासा, अशी समजूत रुजली, आणि त्याच्या नावाने पर्सिफॉर्मीस हा गण फुगत गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा पृष्ठवंशी प्राण्यांतला सर्वांत मोठा गण मानला जात होता. त्यात सुमारे 10,000 जाती मोजल्या जात.

या गणाचे लक्षण काय? पाठ्यपुस्तकांत यादी सापडे. पाठीवरच्या परात काटे, पोटाकडचे पर छातीखाली सरकलेले, त्यांत प्रत्येकी एक काटा आणि पाच मऊ काड्या, वगैरे. यादी भारदस्त होती. अडचण एवढीच की, त्यातले एकही लक्षण फक्त याच गणाचे नव्हते. काटेरी परांच्या माशांच्या सामाईक पूर्वजांकडून चालत आलेली ती मिळकत होती. ज्यांच्यात काही ठळक वेगळेपण दिसले त्यांना आधीच उचलून स्वतंत्र गण दिले गेले होते. दोन्ही डोळे एका बाजूला आलेले चपटे मासे वेगळे काढले, फुगणारे केंड वेगळे काढले, गालांवर हाडांचे चिलखत असलेले विंचूमासे वेगळे काढले. एवढे वेगळे काढल्यावर जे उरले त्याला पर्सिफॉर्मीस म्हटले गेले. म्हणजे जगातला सर्वांत मोठा गण हा उरलेल्यांचा गण होता, आणि उरलेपणालाच सर्वसाधारणपणा समजले जात होते.

यात चूक कोणती, हे समजायला साहित्याच्या विद्यार्थ्याला जीवशास्त्र शिकावे लागत नाही, पाठचिकित्सा पुरते. दोन पोथ्यांत एकच शुद्ध पाठ असेल तर त्यावरून त्यांचे जवळचे नाते सिद्ध होत नाही. तो मूळ संहितेतून दोघींकडे आला असेल. पण दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच प्रक्षेप किंवा एकच चूक असेल तर त्या एका आईच्या मुली, असे अनुमान करता येते. सामाईक वारसा नाते सांगत नाही, सामाईक नावीन्य सांगते. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने जीवसृष्टीच्या वर्गीकरणासाठी हाच नियम काटेकोरपणे मांडला. त्याचा ग्रंथ 1966 साली इंग्रजीत आला. त्याच वर्षी ग्रीनवुड, रोझेन, वाइट्झमन आणि मायर्स या चौघांनी अस्थिमत्स्यांची नवी मांडणी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 पासून चाललेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पूर्ण झाली. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये फुको यांचा तो ग्रंथ निघाला, ज्यात क्यूव्हिए हे एक महत्त्वाचे पात्र आहे. चारांपैकी एकच घटना आमच्या अभ्यासक्रमांत वारंवार येते. उरलेल्या तिघींतून जे शिकता आले असते, म्हणजे नाते कसे सिद्ध करायचे आणि कसे खोडायचे, ते आम्ही शिकवलेच नाही.

माशांच्या अभ्यासकांनी आपल्या घरातली ही पोकळी लपवली नाही, हे त्यांचे मोठेपण. पर्सिफॉर्मीस हा खरा नातेगट नाही, असे ते स्वतःच लिहीत होते. 1993 साली जॉन्सन आणि पॅटरसन यांनी काटेरी परवाल्यांचा विस्तृत आढावा घेऊन नवी मांडणी सुचवली, तीही वादात राहिली. वृक्षाच्या शेंड्याला फांद्या ओळखू येईनात, नुसते झुडूप दिसे. 2013 साली संशोधकांच्या दोन गटांनी अनेक जनुकांची तुलना करून झुडपात वाट काढली. 2017 साली बेटान्कूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मांडणीत या झुडपाच्या नऊ शाखा दिसतात, आणि जुन्या पर्सिफॉर्मीसमधले मासे त्यांतल्या अनेक शाखांत पांगलेले आढळतात. ते नाव आजही आहे, पण पुष्कळ आक्रसलेले. पर्च त्यात आहे, आणि एकेकाळी वेगळे काढलेले विंचूमासेही आता तेथेच येऊन बसले आहेत.

याचा अर्थ आपल्या बाजारात नीट कळतो. पापलेट, बांगडा, सुरमई आणि वाकटी यांत दिसायला काय साम्य? एक ताटलीसारखा, दोन लांबट, एक फितीसारखी. पण हे चौघे एका शाखेचे. हलव्याला इंग्रजी व्यवहारात काळे पॉम्फ्रेट म्हणतात. प्रत्यक्षात तो पापलेटाच्या शाखेतलाच नव्हे. तो ज्या शाखेत आहे त्याच शाखेत रावस, जिताडा आणि बिनकाट्याची लेप आहे. म्हणजे हलव्याला पापलेटापेक्षा लेप जवळची. जुन्या व्यवस्थेत हलवा आणि पापलेट दोघेही ‘सर्वसाधारण’ म्हणून एका गणात होते आणि लेप तिच्या वेगळेपणापायी बाहेर होती. मराठीने हलव्याला स्वतंत्र नाव दिले याचा आम्हाला आनंद आहे. मात्र मासळीवालीने वंशवृक्ष ओळखला होता, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. ती नावे चवीची, भावाची आणि जाळ्याची आहेत. ती त्या कामाला चोख आहेत.

आता ज्यासाठी हा लेखनप्रपंच केला ते सांगतो. आमच्या अभ्यासमंडळांत ‘मुख्य प्रवाह’ म्हणून जे वावरते ते मराठी साहित्याचे पर्सिफॉर्मीस आहे. त्याचे लक्षण कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. दलित साहित्याला लक्षणे विचारली जातात, आणि ती देणारी मोठी परंपराही त्याच्याजवळ आहे. 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण कोण, हे ते स्वतः सांगत आले आहे. ग्रामीण साहित्याला व्याख्या द्यावी लागते. स्त्रीवादी साहित्याला आपली भूमिका मांडावी लागते. हे सगळे उचलून वेगळे ठेवल्यावर जे उरते त्याला कोणी काही विचारत नाही. त्याच्या नावापुढे विशेषण नाही. ते नुसते ‘मराठी कादंबरी’ असते, नुसती ‘मराठी कथा’ असते. आणि विशेषण नसणे हाच त्याच्या मध्यवर्ती असण्याचा दाखला मानला जातो.

याची किंमत विद्यार्थी मोजतात. आमच्या एका विद्यार्थिनीने बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) हा कथासंग्रह आणि भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (1965) यांचा एकत्र अभ्यास करण्याचा प्रस्ताव मांडला. मुंबईच्या तळातल्या जगाला मराठी गद्यात आणताना भाषेचे काय झाले, हा तिचा प्रश्न होता. तो उत्तम प्रश्न होता. समितीने तिला विचारले, “विषय कोणत्या प्रवाहात बसतो?” बागूल दलित, पाध्ये ‘मुख्य’, मग तुलनेचा आधार काय? शेवटी प्रस्ताव बदलून एकाच प्रवाहापुरता करावा लागला. आणि ज्या ‘मुख्य प्रवाहा’त ‘वासूनाका’ आहे त्याच प्रवाहात माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ (1962) ही कादंबरीही आहे. ‘वासूनाका’ आणि ‘स्वामी’ यांना एकत्र बांधणारे सामाईक नावीन्य कोणते, हे त्या समितीतील कोणीही सांगावे. आम्ही ऐकायला तयार आहोत.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, साहित्य म्हणजे मासे नव्हेत. लेखक परभाषेतून, परंपरेबाहेरून, कोठूनही घेतो, तेव्हा त्याचा वंशवृक्ष कसा काढणार? आक्षेप रास्त आहे. साहित्याची जनुके तपासा, असे आमचे म्हणणे नाही. माशांच्या अभ्यासकांचे निष्कर्ष उसने घ्यावेत असे नाही. त्यांची सवय घ्यावी. गट पाडलात तर त्याचे सकारात्मक लक्षण द्या. देता येत नसेल तर तो गट नाही, शिल्लक आहे, हे कबूल करा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. बागूल आणि पाध्ये यांना शेजारी बसवले तर दलित साहित्याचे वेगळेपण पुसले जाणार नाही काय? जातीच्या अनुभवाचा दाह कोणाच्या तरी ‘व्यापक’ परंपरेत विरघळवण्याचा हा डाव तर नाही? ही भीती अनाठायी नाही, असे डाव पूर्वी झाले आहेत. पण लेपीचे उदाहरण पाहा. हलवा आणि रावस यांच्या शाखेत गेल्याने तिचे दोन्ही डोळे पुन्हा दोन बाजूंना गेले नाहीत. जन्मतः ते दोन बाजूंनाच असतात, वाढताना एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो. तिच्या या विलक्षण घडणीचा अभ्यास नात्याचा पत्ता लागल्यामुळे अधिक नेमका झाला. नवी मांडणी वेगळेपण हिरावत नाही. ती हिरावून घेते ते ‘सर्वसाधारण’ असण्याचे सिंहासन, आणि ते ज्यांच्याजवळ होते त्यांच्याकडूनच.

तिसरा आक्षेप सकाळच्या सत्रातला. नवे वर्गीकरणही शेवटी सत्ताच, जनुकांची भाषा बोलणाऱ्यांची. असेल. पण सत्तेने आपला पुरावा उघड्यावर मांडावा, तो खोडण्याची रीत स्वतःच सांगावी आणि खोडला गेला की मांडणी बदलावी, असे किती सत्तांविषयी म्हणता येईल? 2017 च्या त्या यादीत रावसाच्या आणि घोळीच्या कुळांची शाखा दिली आहे, पण गण दिलेला नाही. ‘स्थान अनिश्चित’ असा शेरा मारून ती मोकळी ठेवली आहेत. पुढच्या मांडण्यांत त्यांना जागा देण्याचे प्रयत्न झाले. चपट्या माशांचा उगम एक की दोन, यावरही अलीकडे वाद झडला. सगळी मांडणी मनमानी असती तर वाद घालण्याचे कारणच उरले नसते.

‘स्थान अनिश्चित’ हा शेरा आम्हाला फार आवडतो. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम फिरून मांडण्याची वेळ येईल तेव्हा आम्ही दोन दुरुस्त्या सुचवणार आहोत. ज्या लेखकाचे स्थान आपल्याला ठरवता येत नाही त्याच्यापुढे हा शेरा सरळ छापावा. आणि प्रश्नपत्रिकेत ‘दलित साहित्याची लक्षणे सांगा’ या प्रश्नाच्या शेजारी, तेवढ्याच गुणांचा, ‘मुख्य प्रवाहाची लक्षणे सांगा’ हा प्रश्न ठेवावा. विद्यार्थी काय लिहितील याची आम्हाला चिंता नाही. उत्तरपत्रिका तपासायला बसणाऱ्यांनी मात्र नमुना उत्तर आधी स्वतः लिहून पाहावे.